ऐच्छिक भुयार (भूमिकापालन खेळ)

ऐच्छिक भुयार ही टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकापालन खेळांतील एक संकल्पना आहे. मोहिमेचे मुख्य कथानक पुढे नेण्यासाठी जेथे जाणे आवश्यक नसते, अशा गुहेला, थडग्याला, तळघराला किंवा पडक्या किल्ल्याला ऐच्छिक भुयार म्हणतात. ‘डन्जन’ या इंग्रजी शब्दाचा रूढ अर्थ किल्ल्यातील अंधारकोठडी असा आहे. या खेळांत मात्र धोका आणि धन जेथे एकत्र नांदतात, असे कोणतेही बंदिस्त स्थळ त्या शब्दाने ओळखले जाते. खेळ चालवणाऱ्या व्यक्तीस ‘डन्जन मास्टर’ किंवा ‘गेम मास्टर’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी नाट्यपरंपरेतील ‘सूत्रधार’ हा शब्द वापरला आहे.

भुयाराचा नकाशा काढणे, खोल्या, सापळे व राक्षस योजणे यात सूत्रधाराच्या अनेक संध्याकाळी खर्ची पडतात. खेळाडू मात्र ‘आपण पुढच्या गावाला जाऊ’ एवढे एक वाक्य बोलून ते सारे मागे टाकू शकतात. जाण्याची सक्ती केली तर भुयार ऐच्छिक राहत नाही आणि केवळ नकाशावर ठेवून दिले तर ते ओस पडते. खेळाडूंना तेथे स्वतःहून जावेसे कसे वाटावे, हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आरंभीच्या मोहिमांत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण भुयार हीच मोहीम होती. खेळाडूंनी एवढेच ठरवायचे, की आज किती खोल उतरायचे. आर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ मोहिमेत तर उलटीच अडचण आली. त्यांनी १९७७ मधील ‘द फर्स्ट फँटसी कॅम्पेन’ या पुस्तकात नोंदवल्यानुसार, खेळाडू किल्ल्याखालच्या भुयारात इतके रमले की बाहेरच्या जगाकडे त्यांचे दुर्लक्ष झाले, शत्रूंनी किल्ला घेतला आणि नायकांना हद्दपार व्हावे लागले.

पुढे मोहिमांना आदि-मध्य-अंत असलेले कथानक आले. खलनायक कोण, राज्यावरचे संकट कोणते, हे आधीच ठरू लागले आणि त्या कथानकाबाहेरची प्रत्येक जागा आपोआप ‘ऐच्छिक’ झाली.

अनुभवगुण व सुवर्णनाणी

भुयाराची ओढ केवळ कल्पनारम्यतेतून निर्माण होत नव्हती; ती नियमांतच विणलेली होती. जुन्या नियमांनुसार भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागे एक अनुभवगुण मिळे. १९८१ च्या ‘बेसिक’ संचात योद्ध्याला दुसरी पातळी गाठण्यासाठी २००० गुण लागत, तर एका ऑर्कला हरवल्याबद्दल अवघे १० गुण मिळत आणि तेही साऱ्या चमूत वाटले जात. हा हिशेब कोणत्याही खेळाडूला पहिल्याच दिवशी समजे: लढाई महाग, खजिना मोलाचा. न पाहिलेले प्रत्येक दार त्यामुळे कुतूहलाचा विषय ठरे आणि सूत्रधाराला आर्जव करावे लागत नसे.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम पर्यायी ठरला व २००० मधील तिसऱ्या आवृत्तीतून तो गळला. आज अनेक गट गुण मोजतच नाहीत. कथेतील ठरावीक टप्पा गाठला की सर्व पात्रांची पातळी वाढवली जाते. पद्धत सोयीची आहे, पण तिच्यात एक दोष दडलेला आहे. बढती फक्त मुख्य वाटेवरच मिळणार असेल, तर आडवाटेला जाणे म्हणजे निव्वळ जोखीम. खेळाडू भुयार टाळतात तेव्हा त्यांना आळशी किंवा रसहीन ठरवले जाते. वस्तुतः ते नियमांचे अचूक वाचन करत असतात. टप्प्यांची पद्धत ठेवायचीच असेल, तर ‘कोणतीही तीन भुयारे धुंडाळल्यावर एक पातळी’ अशासारखा टप्पा ठरवता येतो.

अफवा आणि माहिती

ज्या जागेविषयी काहीच ठाऊक नाही, तिची इच्छाही होत नाही. गायगॅक्स यांच्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या साहसात यासाठी अफवांचा तक्ता दिलेला आहे. फासा टाकून प्रत्येक खेळाडूला एखादी अफवा मिळते. काही खऱ्या, काही खोट्या. त्यांतील एका अफवेनुसार ‘ब्री-यार्क’ हा गॉब्लिनांचा शरणागतीचा शब्द आहे. प्रत्यक्षात ती मदतीसाठी मारलेली हाक असते आणि ती ऐकून हत्यार खाली ठेवणारे खेळाडू चांगलेच फसतात. सरहद्दीवरच्या ठाण्यात पसरणाऱ्या अफवा अशाच अर्ध्यामुर्ध्या असणार. त्यामुळे ही युक्ती अन्यायाची वाटत नाही. मात्र सगळ्याच अफवा खोट्या निघाल्या तर खेळाडू पुढे कोणाचेही ऐकत नाहीत.

अफवेत किमान तीन गोष्टी असाव्यात: जागा कोठे आहे, तेथे काय मिळण्याजोगे आहे आणि धोका कोणत्या जातीचा आहे. ‘डोंगरात एक जुनी गुहा आहे’ हे वाक्य कोणालाही उठवत नाही. ‘खाणीचा मुकादम वेतनाची पेटी घेऊन खालच्या मजल्यावर पळाला, तो वर आलाच नाही’ हे ऐकून निदान वाद तरी सुरू होतो. आणि भुयारात जायचे की नाही यावर खेळाडू आपसात वाद घालू लागले, की अर्धे काम झालेलेच असते.

बेन रॉबिन्स यांच्या ‘वेस्ट मार्चेस’ या मोहिमेत ही जबाबदारी बरीचशी खेळाडूंवरच सोपवलेली होती. तेथे ठरलेले कथानक, ठरलेला चमू किंवा ठरलेली वेळ यांपैकी काहीच नव्हते. कोठे जायचे हे खेळाडूंनी ठरवून सूत्रधाराला कळवायचे. सर्वांचा मिळून एक नकाशा होता, तो कथेत खानावळीच्या टेबलावर कोरलेला. एका जागी सापडलेली खूण दुसऱ्या जागेकडे बोट दाखवी. तेथे सगळीच भुयारे ऐच्छिक होती, म्हणून कोणतेच दुय्यम नव्हते.

मुख्य उद्दिष्टाशी जोड

२०१६ मधील ‘कर्स ऑफ स्ट्राड’ या साहसात, मॅडम इव्हा ही भविष्यवेत्ती आरंभीच पत्ते मांडते. स्ट्राड या रक्तपिपासू सरदाराविरुद्ध उपयोगी पडणाऱ्या तीन वस्तू कोठे आहेत, साह्यकर्ता कोण आणि स्ट्राड स्वतः कोठे भेटेल, हे त्या पत्त्यांवरून ठरते. जी पडकी वास्तू एका गटासाठी निव्वळ आडवाट असते, ती दुसऱ्या गटासाठी विजयाची किल्ली ठरते. वस्तू न घेताही स्ट्राडशी झुंजता येते; फक्त ती झुंज फार जड जाते. ऐच्छिकता शाबूत ठेवून ओढ कशी निर्माण करावी, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

जोड एखाद्या पात्रामार्फतही देता येते. ‘लॉस्ट माइन ऑफ फॅनडेल्व्हर’ (२०१४) मध्ये सिस्टर गॅरेल नायकांना अगाथा नावाच्या प्रेतात्म्याकडे एका हरवलेल्या मंत्रपोथीविषयी विचारण्यास पाठवते. अगाथा एकाच प्रश्नाचे उत्तर देते. तो प्रश्न गॅरेलचा विचारायचा की स्वतःच्या गरजेचा, ही निवड खेळाडूंची. अशा ठिकाणाहून परतलेला गट तेथे जाऊन वेळ दवडला असे म्हणत नाही.

काळाचा तगादा

सूत्रधारांच्या हातून सर्वाधिक होणारी चूक येथे आहे. राजकन्येचा बळी अमावास्येला जाणार असे सांगून झाल्यावर वाटेत सुंदर थडगे ठेवले, तर शहाणा खेळाडू त्याकडे पाहणारही नाही. ‘टूम ऑफ अ‍ॅनायहिलेशन’ (२०१७) हे साहस या पेचाचा ठळक नमुना आहे. चुल्टच्या अरण्यात पाहण्यासारखी स्थळे विपुल; पण मृत्युशापामुळे मोहिमेची आश्रयदाती दिवसागणिक झिजत चालली आहे. भटकंतीचे आमंत्रण आणि घाईचा आदेश एकाच वेळी दिल्याने, प्रामाणिकपणे भूमिका वठवणाऱ्या गटाला ती स्थळे टाळावीच लागतात.

यावर दोन उपाय योजले जातात. एक म्हणजे संकटाची गती मंद ठेवणे: शत्रूचे सैन्य वसंतात निघणार असेल, तर हिवाळा खेळाडूंचा. दुसरा म्हणजे मुदत भुयारालाच लावणे. ओहोटी असेपर्यंतच गुहेचे तोंड उघडे असते, किंवा प्रतिस्पर्धी टोळी तीच जागा शोधत असते. दुसऱ्या उपायात न जाण्याचीही किंमत दिसते. टोळीने खजिना आधी उचलला आणि पुढच्या भेटीत तिच्या नायकाच्या हाती तीच तलवार दिसली, तर त्यानंतरची अफवा खेळाडू कान देऊन ऐकतात.

नकाराचा मान

खेळाडूंनी डावी वाट घेतली काय नि उजवी काय, ठरवलेले भुयार तेथेच आणून ठेवायचे, ही युक्ती अनेकदा सुचवली जाते. एखाद्या वेळी ती खपते. परंतु ती उघडी पडली की आपण केलेल्या निवडीला काही अर्थ नव्हता, हे खेळाडूंना कळते आणि तो विश्वास परत मिळवणे अवघड असते. टाळलेल्या भुयाराचे श्रम वाया जाऊ नयेत यासाठी त्याचा नकाशा, सापळे व पात्रे राखून ठेवून महिन्यांनी वेगळ्या प्रदेशात, वेगळ्या इतिहासासह वापरणे अधिक प्रामाणिक ठरते. त्याहून साधा उपाय म्हणजे आधी तपशील कमी लिहिणे. प्रत्येक भुयारासाठी प्रवेशद्वार, दोन-तीन खोल्या आणि एक अफवा तयार ठेवावी. उरलेला भाग खेळाडूंनी तेथे जाण्याचा मनोदय सांगितल्यावर, पुढच्या बैठकीपूर्वी रचावा. त्यासाठी बैठकीच्या शेवटी ‘पुढच्या वेळी कोठे?’ एवढे विचारून ठेवणे पुरते.