वाटाण्याच्या अक्षता नव्हे, अंकुर!

कर्ज मागायला आलेल्याला नकार द्यायचा असला की आपण त्याला वाटाण्याच्या अक्षता लावतो. बँकेच्या नोकरीत हे काम मलाही पुष्कळदा करावे लागले. पण याच मुंबईत एक कर्ज असेही झाले, की त्याला वाटाणाच तारण म्हणून उपयोगी पडला. साल १९१२. कर्जदार, धुंडिराज गोविंद फाळके.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून दादासाहेब लंडनला जाऊन आले होते. कॅमेरा आला, कच्ची फिल्म आली, पण चित्रपट काढायला भांडवल कुठून आणायचे? या देशात असले काही होऊ शकते यावरच कोणाचा विश्वास नव्हता. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा लावला. महिनाभराहून अधिक काळ ते एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर मात्र मिनिटभरात वाटाण्याला कोंब फुटला, पाने आली, वेल वर चढला. निवडक मंडळींनी 'अंकुराची वाढ' पाहिली आणि त्यांतल्या यशवंतराव नाडकर्णींसारख्यांनी पैसे देऊ केले. घरचे दागिनेही गेले. सरस्वतीबाई अंधारात बसून फिल्मला भोके पाडीत, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही रांधत. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

आता थोडा हिशेब मांडू. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चौकटी पडद्यावरून सरकत. म्हणजे एका मिनिटाला ९६०. महिनाभरात त्या टिपायच्या तर दिवसाला ३२. आपण जिला 'ॲनिमेशन' म्हणतो, तिचे मूळ गुपित एवढेच आहे. एक चौकट घ्यायची, थांबायचे, मग दुसरी घ्यायची. फरक इतकाच, की वाटाण्याला निसर्ग हलवतो आणि ॲनिमेशनमध्ये वस्तू किंवा चित्र माणसाच्या हाताने हलते.

ते पाऊलही फाळक्यांनीच उचलले. महायुद्धामुळे युरोपातून येणारा माल अडला, तेव्हा त्यांनी छोट्या फिल्म केल्या. त्यांतली एक १९१५ सालची 'आगकाड्यांची मौज'. काड्या कणाकणाने सरकवून त्यांच्या आकृत्या नाचवायच्या! फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ साली असाच खेळ केला होता. फाळक्यांची ती फिल्म आज हाती उरलेली नाही.

चित्रे काढून हलवायची तर कष्ट आणखी वाढतात. हल्ली सेकंदाला २४ चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी दहा मिनिटांच्या फिल्मला ७,२०० चित्रे हवीत. मुख्य चित्रकार हालचालीची सुरुवात आणि शेवट काढतो, मधली चित्रे इतर भरतात. अर्ल हर्ड या अमेरिकन माणसाने १९१४ साली पारदर्शक सेल्युलॉइडची युक्ती काढली, तेव्हा मागचे घर, झाड दर वेळी नव्याने काढण्याची कटकट संपली.

आपल्याकडे हे शिक्षण शिस्तीने सुरू झाले ते १९५६ च्या सुमारास, मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. शिकणाऱ्यांत राम मोहन नावाचा रसायनशास्त्राचा पदवीधर होता. पुढे 'शतरंज के खिलाडी'तला व्यंगचित्रांचा तुकडा त्यांनी केला. जपानच्या युगो साको यांच्याबरोबर १९९२ चे 'रामायण' केले, आणि ते २०२५ च्या जानेवारीत आपल्या चित्रपटगृहांत पुन्हा झळकले. युनिसेफची 'मीना'ही त्यांच्या हातून घडली. मुलीलाही भावाइतके शिकू द्या, हे तिने दक्षिण आशियातल्या घराघरांत सांगितले. भाषण देऊन ते साधले नसते. आणि विजया मुळे यांची १९७४ सालची 'एक, अनेक और एकता' ज्यांनी दूरदर्शनवर पाहिली, त्यांच्या डोळ्यांसमोर ती जाळे घेऊन उडणारी पाखरे अजून असतील.

आज ही कला कार्टूनपुरती राहिलेली नाही. हृदयाची झडप कशी उघडते हे डॉक्टर रुग्णाला हलत्या चित्रांतून दाखवतात, यानाचा मार्ग शास्त्रज्ञ तसाच समजावतात, न बांधलेल्या इमारतीत आपल्याला फिरवून आणतात. १९९५ चा 'टॉय स्टोरी' हा पूर्ण संगणकावर झालेला पहिला मोठा चित्रपट. तेव्हापासून पेन्सिलीची पुष्कळ कामे यंत्राकडे गेली, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता मधली चित्रेही भरू लागली आहे.

म्हणूनच घरातल्या मुलीने 'मला ॲनिमेशन शिकायचंय' म्हटले, की आईवडील धास्तावतात. चित्रे काढून पोट भरते का, हा प्रश्न खोटा नाही. शिक्षण महाग आहे, कर्जाचे हप्ते चुकत नाहीत आणि उद्या कोणते काम यंत्र गिळेल ते सांगता येत नाही. पण लगेच अक्षता लावू नयेत. संस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रक बाजूला ठेवावे आणि मुलीची चित्रवही मागावी. तिला घरातलाच मोबाइल, एक स्टँड आणि जळलेल्या काड्यांचा डबा द्यावा. म्हणावे, 'महिनाभरात एका मिनिटाची फिल्म करून दाखव.'

आठवडाभरात कंटाळली, तर हौस होती असे समजावे. खर्च काहीच झालेला नाही. पण महिन्याच्या शेवटी त्या काड्या खरोखर चालू लागल्या, तर यंत्र वेगाने चित्र भरील, पण काडीने कसे चालावे हे ठरवणारे डोके आपल्या घरात आहे, हे ओळखावे. कर्ज देताना आम्ही तारण पाहत असू, पण त्याहून अधिक पाहत असू ती माणसाची पत. आणि पत म्हणजे तरी काय? जे उगवायला वेळ लागतो, त्याच्यासमोर रोज न चुकता बसण्याची तयारी.