सातपुड्याचा वणवा आणि दोन सरकारें

मेळघाटांतील साग पानें टाकूं लागला, कीं फाल्गुनापासून गाविलगडच्या डोंगरांवर रात्रीं तांबडी रेघ दिसूं लागते. पायथ्याचा शेतकरी ती आपल्या धुऱ्यावरून पाहतो, आणि हें जंगलखात्याचें काम आहे असें म्हणून घरीं जातो. या समजुतींत शेतकऱ्याचेंच किती नुकसान आहे, व तें टाळण्यासाठीं दोन राज्यांच्या सरकारांनीं आणि आपण काय करावयास पाहिजे, याचा विचार येथें योजिला आहे.

प्रथम पाण्याची गोष्ट घेऊं. वऱ्हाडची पूर्णा बैतूल जिल्ह्यांत भैंसदेहीजवळ उगम पावते. वर्धा नदीचा उगमही त्याच जिल्ह्यांत मुलताईजवळ आहे. तिच्यावरील सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणांतून अमरावती शहरास पिण्याचें पाणी येतें. उलट मेळघाटांतील सिपना, गडगा, खापरा या नद्या उत्तरेस वाहून तापीस मिळतात, व तें पाणी बऱ्हाणपुराकडे जातें. म्हणजे मध्यप्रदेशांतील डोंगराचें पाणी आपण पितों आणि आपल्या डोंगराचें पाणी तेथील लोक पितात. दक्षिण उतारावरून येणाऱ्या वान व शहानूर या नद्यांवरील धरणें तर खारपाणपट्ट्याचा आधारच होत. तेथें विहिरीस पाणी लागलें तरी तें खारट निघतें.

वणव्यानें मोठा साग सहसा मरत नाहीं, म्हणून नुकसान डोळ्यांत भरत नाहीं. जळतो तो पाचोळा, गवत आणि कोंवळीं रोपें. पाचोळा हें डोंगराचें पांघरूण होय. तें गेलें कीं मृगाचा पाऊस उघड्या मातीवर आदळतो. माती वाहून धरणाच्या तळाशीं बसते, पाणी मुरण्याऐवजीं नाल्यांतून एकदम निघून जातें, आणि उन्हाळ्यापर्यंत टिकावयाचा झरा हिवाळ्यांतच आटतो. रोपें दरसाल जळत गेलीं म्हणजे जुन्या झाडाच्या जागीं नवें झाड उभें राहत नाहीं.

हे वणवे बहुतेक माणसाच्या हातूनच लागतात. मोहाचीं फुलें वेंचण्यास सोपें जावें म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितात. तेंदूस नवी पालवी फुटावी म्हणून झुडुपें जाळतात. जंगलालगतचा शेतकरी धुरा पेटवून निघून जातो. वाटसरू जळती विडी टाकतो. मोहफुलांवर कोरकू कुटुंबाचें पोट अवलंबून असतें. त्यास नुसतें दटावून भागावयाचें नाहीं. पाचोळा झाडून झाडाखालीं जाळें अंथरलें तर फुलें अधिक स्वच्छ मिळतात, आणि तेंदूची वेळेवर छाटणी केली तर पालवी आगीवांचून फुटते. हीं साधनें त्याच्या हातीं देणें हाच वणव्यावरचा पहिला व स्वस्त उपाय आहे.

आतां दोन सरकारांचा प्रश्न. १९०३ पासून वऱ्हाड, बैतूल व निमाड हे सर्व नागपूरच्या एकाच कारभाराखालीं होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना होऊन अमरावती व अकोला हे जिल्हे मुंबई राज्यांत गेले, व १ मे १९६० पासून ते महाराष्ट्रांत आहेत; बैतूल व निमाड मध्यप्रदेशांत राहिले. डोंगर एकच राहिला आणि त्यावरचे अंमलदार दोन झाले. सीमेच्या एका बाजूस जाळरेषा काढली व दुसऱ्या बाजूस वाळलें गवत तसेंच उभें राहिलें, तर त्या श्रमाचा उपयोग अर्धाच होणार.

कायदा मात्र दोहोंकडे एकच आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणें, राखीव जंगलास धोका होईल अशी आग पेटविणें अगर जळत सोडणें हा गुन्हा आहे. आणि ७९ व्या कलमाप्रमाणें, जंगलांत चराईचा किंवा वनोपजाचा हक्क असणाऱ्यानें आग विझविण्यास झटणें बंधनकारक आहे. खबरेचें साधनही एकच. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनीं टिपलेल्या आगींची सूचना नांव नोंदविणाऱ्यांच्या मोबाईलवर पाठविते.

अशा कामीं राज्यांनीं एकत्र कसें यावें, याचें एक उदाहरण अमेरिकेंत आहे. १९४७ च्या ऑक्टोबरांत मेन राज्यांत भयंकर वणवे पेटून दोन लाख एकरांवर जमीन जळाली. त्यावरून धडा घेऊन ईशान्येकडील राज्यांनीं करार केला, व १९४९ सालीं त्यास अमेरिकन काँग्रेसची संमति मिळाली. एका राज्यांतील आग आवरेनाशी झाल्यास दुसऱ्यानें माणसें व साहित्य पाठवावें, आणि खर्चाचा बोजा कोणावर हें आधींच ठरलेलें असावें, हें त्याचें सार. पुढें कॅनडांतील क्वेबेक व न्यू ब्रन्सविक हे प्रांतही त्यांत सामील झाले.

आमच्याकडे एवढ्या मोठ्या कराराची वाट पाहण्याचें कारण नाहीं. दोहोंकडील वनाधिकाऱ्यांनीं थंडी सरण्यापूर्वीं एकत्र बसून सीमेवरील जाळरेषा एकाच सुमारास काढाव्या. सीमेनजीकच्या आगीची सूचना दोन्ही बाजूंच्या वनरक्षकांस एकाच वेळीं जावी. आणि पलीकडे मदतीस गेलेल्या मजुराची मजुरी, व तो भाजल्यास त्याचा औषधोपचार कोणीं करावयाचा, हें लेखी ठरवावें. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. हातावर पोट असलेला माणूस दुसऱ्या राज्यांतील आगीशीं झुंजूं लागला, तर त्याच्या घरची चूल कोण पेटविणार, हें त्यास आधीं कळलें पाहिजे.

शेतकरी बंधूंनीं सरकारांकडे बोट दाखवितांना आपला हातही पाहावा. पऱ्हाट्या व तुराट्या जाळण्याऐवजीं बारीक करून खतास लावाव्या. धुरा जाळणें भागच असेल तर जंगलाकडच्या बाजूस आधीं नांगराचीं चार तासें काढावीं, वारा पडल्यावर पेटवावें, पाणी जवळ ठेवावें, आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत जागा सोडूं नये. होळीपूर्वींच्या ग्रामसभेंत पायथ्याच्या प्रत्येक गांवानें एवढा ठराव केला, तर सरकारांस जागें करण्याचा अधिकार आपणांस खरोखर प्राप्त होईल.