मेटल गाणाऱ्यांचा दमसास

रॉक-मेटल गाणारी मुले माझ्याकडे येतात ती बहुधा बसलेला घसा घेऊनच. जोर गळ्यातून लावायचा, हा समज! रॉनी जेम्स डिओ गाणे कुणाकडे शिकला नव्हता. दमसासाचे श्रेय तो लहानपणी वाजवलेल्या ट्रम्पेटला देई. म्हणून मी आधी गायलाच देत नाही. बरगड्या फुगलेल्या ठेवून 'स्स' करत श्वास सोडायचा, २० सेकंद, न थरथरता. मग आवाजाची धार. ३००० हर्ट्झच्या आसपास आपला कान फार तीक्ष्ण असतो. तिथे आवाज घुमला की गिटारच्या गदारोळातही तो ऐकू येतो. बाकीचे मायक्रोफोन बघतो. खरखर हवीच तर ती स्वरतंतूंच्या वरच्या घड्यांतून काढावी. तंतूच घासत राहिले तर त्यांवर गाठी येतात. तीन आठवडे घसा सुटला नाही, तर डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय मी शिकवणी घेत नाही.