मलिक अंबर मोकळा झाला, बायकांचं काय?

एपिसोड ऐकायला वेळ नाही मिळाला, त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

मंचर, नारायणगाव करत जुन्नरला गेलात की गावाजवळ हापूसबाग आहे. आंब्याशी संबंध नाही, नाव 'हबशी बाग'वरून आलं असं सांगतात. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर १६०० नंतर काही काळ जुन्नरातूनच निजामशाही चालवत होता. धनी वारल्यावर धन्याच्या बायकोने त्याला मोकळं केलं, अशी एका डच व्यापाऱ्याची नोंद आहे. पुरुषाला तलवारीच्या जोरावर वर चढायची वाट होती. विकत आणलेल्या बाईला?

इस्लामी कायद्यात धनी आपल्या दासीशी लग्नाशिवाय संबंध ठेवू शकायचा. तिची संमती कायद्याने विचारलीच नव्हती. इथे गोड बोलण्यात अर्थ नाही.

पण धन्यापासून मूल झालं की तिचा दर्जा बदलायचा. तिला 'उम्म वलद' म्हणत, म्हणजे मुलाची आई. सुन्नी पंथांच्या बहुतेक कायदेपंडितांच्या मते मग तिला विकता येत नसे आणि धनी मेला की ती आपोआप मोकळी. मूल जन्मापासून स्वतंत्र, आणि लग्नाच्या बायकोच्या मुलांसारखाच वारसा त्याला. निजामशाही घराणं बुऱ्हाण शाहच्या काळात शिया झालं, आणि शिया कायदा थोडा वेगळा: तिची किंमत मुलाच्या वारसा हिश्श्यातून वळती व्हायची, मग ती सुटायची. मूल आधीच वारलं तर? ती पुन्हा विकता येई. म्हणजे बाईचं स्वातंत्र्य एका बाळाच्या तब्येतीवर टांगलेलं.

आणखी एक मेख. हनफी कायद्यात पहिलं मूल आपलं आहे हे धन्याने कबूल करावं लागे. आमच्या भाषेत, फीचर आहे, पण ॲप्रूव्हल ॲडमिनकडे. दुसऱ्याशी लग्न लावून दिलं असेल, तर मुलं सहसा तिच्या मालकाची.

कुराणात (२४:३३) दासींना वेश्याव्यवसायाला लावू नका असं आहे, आणि ठरलेली रक्कम फेडून सुटायचा करारही त्याच आयतीत. करार बाईलाही करता यायचा. पण पैसे कुठून आणायचे?

आता 'त्यांच्यात असं होतं' म्हणून मोकळे होऊ नका. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकल्या जात, व्यभिचाराच्या आरोपात सापडलेल्या बाईलाही कुणबीण करत. धन्यापासून झालेला मुलगा 'लेकावळा', औरस भावाच्या बरोबरीचा नाही. वारशाच्या या एका मुद्द्यावर उम्म वलदचा नियम आपल्या वाड्यांपेक्षा पुढे होता, हे मला तरी मान्य करावं लागतं.

१८४३ च्या कायद्याने कंपनीच्या कोर्टांनी गुलामावरचा मालकी हक्क मानणं बंद केलं. माणूस गुलाम म्हणून विकणं-घेणं हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेत.