जुना चेनसॉ घेताय? पैसे देण्याआधी या सहा गोष्टी तपासा

बुलढाणा : धुऱ्यावरची वाळलेली बाभूळ असो की वादळात आडवा झालेला लिंब, कुऱ्हाडीने दिवसभर चालणारे काम चेनसॉ तासाभरात उरकतो. नवे चांगले मशीन महाग पडते, म्हणून अनेक जण जुन्याकडे वळतात. पण बाहेरून चकाचक दिसणारे मशीन आतून निकामी असू शकते. ते ओळखायचे कसे?

१. इंजिन थंड हवे : तुम्ही पोहोचण्याआधीच मशीन गरम असेल, तर ते थंड होऊ द्या. थंड आणि गरम, दोन्ही वेळा ते चालू झाले पाहिजे. गरम झाल्यावर चालू न होणे ही कॉम्प्रेशन किंवा इग्निशन कॉइलच्या बिघाडाची खूण असू शकते.

२. कॉम्प्रेशन : मिस्त्रीकडून गेज लावून घ्या. साधारण १५० पीएसआय चांगले. १०० च्या खाली असेल, तर पिस्टन-सिलिंडरचा खर्च धरा.

३. पिस्टन : सायलेन्सर खोलून टॉर्चने आत पाहा. पिस्टनवर उभे ओरखडे असतील, तर ऑइल न मिसळता पेट्रोल वापरल्याची शक्यता मोठी. अशा मशीनचा नाद सोडा.

४. आयडलिंग : रेस सोडल्यावर चेन थांबलीच पाहिजे. इंजिनचा आवाज आपोआप वर-खाली होत असेल, तर सील किंवा कार्ब्युरेटरमधून हवा शिरत असावी. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या मशीनचे रबरी पाइप आणि डायफ्राम लवकर खराब होतात, तेही पाहा.

५. बार, चेन, स्प्रॉकेट : बारचे टोक कोरड्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या. ऑइलची रेघ उमटली नाही, तर ऑइल पंप बंद आहे किंवा नळी तुंबली आहे. स्प्रॉकेटवर सुमारे अर्धा मिलिमीटर खोल खाचा पडल्या असतील, तर ते बदलावे लागेल.

६. चेन ब्रेक : पुढचा दांडा ढकलताच फिरती चेन क्षणात थांबली पाहिजे. पूर्ण रेसवर चेन सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने पळते. बार उसळून अंगावर आला, तर हाच ब्रेक जीव वाचवतो. तो नसेल किंवा चालत नसेल, तर मशीन फुकट मिळाले तरी वापरू नका.

किंमत कशी ठरवायची?

मागितलेल्या किमतीत दुरुस्तीचा खर्च मिळवा. समजा, विक्रेता ६ हजार मागतो आणि बार, चेन, स्प्रॉकेटला अडीच हजार लागतात. म्हणजे मशीन साडेआठ हजारांना पडले. तेवढ्याच ताकदीचे नवे, वॉरंटीसह १० हजारांत मिळत असेल, तर जुने घेण्यात अर्थ नाही. सुटे भाग खामगाव किंवा अकोल्यात मिळतात का, हेही आधी विचारा. भाग मिळत नसतील, तर नामांकित कंपनीचे मशीनही भंगारच ठरते.

मूळ बिल मागा आणि त्यावरचा क्रमांक मशीनवरच्या क्रमांकाशी जुळवा. बिल नसेल, तर विक्रेत्याकडून लेखी पावती घ्या.

आणि एक लक्षात ठेवा : मशीन आपले, झाड आपल्या शेतातले असले, तरी साग, आंबा, मोह, चिंच यांसारखी झाडे तोडायला १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्यानुसार आधी परवानगी लागते.