अठरा मिनिटांची शिकवणी

बाळाच्या घोट्याला रिबन बांधायची आणि तिचं दुसरं टोक वर टांगलेल्या चिमणाळ्याला. बाळानं पाय झाडला की लाकडी ठोकळे हलतात; जेवढी जोरात लाथ, तेवढा जोरात नाच. अमेरिकेतल्या कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी १९६०च्या दशकात ही युक्ती केली ती आपलं तान्हं पोर रमावं आणि आपल्याला कामाला बसता यावं म्हणून. १९६९ साली तिचा शोधनिबंध झाला आणि पुढे न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात अख्खी प्रयोगशाळा तिच्यावर चालली.

शिकवणी अशी: आधी ३ मिनिटं रिबन नुसतीच बांधायची, चिमणाळ्याला न जोडता, आणि लाथा मोजायच्या. मग ९ मिनिटं जोडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा ९. एकूण १८ मिनिटं. काही दिवसांनी परीक्षा, तीही रिबन सोडवून. म्हणजे बाळ पाय झाडतं ते निव्वळ आठवणीवर.

तीन महिन्यांच्या बाळाला हा धडा साधारण आठवडाभर आठवतो. आठवडा म्हणजे १०,०८० मिनिटं, शिकवणीच्या ५६० पट. पण मला खरा वाटतो तो दुसरा हिशेब. नव्वद दिवसांच्या आयुष्यातले सात दिवस म्हणजे तेरावा हिस्सा. चाळिशीच्या माणसाचा तेरावा हिस्सा तीन वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी दोन दिवसांत मिळून अठरा मिनिटं शिकलेलं काही आज आयत्या वेळी करून दाखवा बरं!

दोन महिन्यांचं बाळ एक-दोन दिवसांतच विसरतं. मात्र १९८५च्या एका प्रयोगात तीच १८ मिनिटं सहा-सहाच्या तीन बैठकांत वाटली, तेव्हा ते दोन आठवड्यांनीही विसरलं नव्हतं. मिनिट एकही वाढवलं नाही, आणि आठवण टिकली जवळजवळ पाव आयुष्य. चाळिशीच्या मापानं नऊ वर्षं!

आठवण असते तरी किती बारीक? चिमणाळ्यात पाच ठोकळे. दुसऱ्या दिवशी त्यातला एक बदलला तर चालतं; एकाहून जास्त बदलले की तीन महिन्यांचं बाळ ओळखच देत नाही. सहा महिन्यांच्या बाळाच्या खाटेभोवतीचं नक्षीचं कापड बदललं, तरी त्याचा धडा हरवतो.

हरवतो, पुसला जात नाही. दोन आठवड्यांनी तीन महिन्यांचं बाळ सगळं विसरलेलं असतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी संशोधकानं स्वतः रिबन ओढून ३ मिनिटं चिमणाळं हलवून दाखवलं, की दुसऱ्या दिवशी लाथा पूर्ववत सुरू. चार आठवड्यांनंतरही हे जमलं, आणि १९८० साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं.

या आठवणीला वर यायला लागणारा वेळ वयागणिक घटतो. तीन महिन्यांच्या बाळाला सुमारे एक दिवस, सहा महिन्यांच्याला तास, नऊ महिन्यांच्याला मिनिट. वर्षाच्या मुलाला सेकंदही लागत नाही. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे नऊ महिन्यांत वेग निदान तेवढ्या पटीनं वाढला. तीन महिन्यांच्या बाळाची परीक्षा मात्र चिमणाळं दाखवल्या-दाखवल्या घेतली तर ते कोरंच दिसतं, आणि उतावळा परीक्षक ‘याला काही येत नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो.