घरातली बॅटरी : जरा जपून

इन्व्हर्टर आता बंगलेवाल्यांचीच वस्तू राहिलेली नाही. हप्त्याने का होईना, दोन खोल्यांच्या घरातही तो आला आहे. मुलांचा अभ्यास अडू नये म्हणून बाप पोटाला चिमटा घेऊन तो आणतो आणि जागा नाही म्हणून बॅटरी खाटेखाली किंवा स्वयंपाकाच्या ओट्याखाली ढकलतो. आमचे बोलणे आहे ते या जागेबद्दलच.

शिसे-आम्लाची ही बॅटरी 1859 साली फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते यांनी तयार केली. मूळ रचना आजही तीच आहे : शिशाच्या पट्ट्या आणि पाणी घातलेले गंधकाम्ल. 12 व्होल्टच्या बॅटरीत असे सहा कप्पे असतात. चार्जिंग संपत आले की आतल्या पाण्यातून हायड्रोजन वायू सुटतो. हवेत तो 4 टक्के झाला तरी एका ठिणगीने भडका उडतो आणि आम्ल तोंडावर येते. म्हणून बॅटरी खिडकीजवळ, हवेशीर जागी ठेवावी. तिच्याजवळ शेगडी, उदबत्ती, मेणबत्ती, बिडी काही नको. पाण्याची पातळी पाहायला काडी पेटवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. टॉर्च कशासाठी असते?

बॅटरीला हात लावण्याआधी इन्व्हर्टर बंद करून प्लग काढावा. हातातली अंगठी, धातूचे कडे, घड्याळ उतरवावे. भगिनींनी बांगड्या आणि लोंबणारे मंगळसूत्रही. दोन टोकांमध्ये धातू आला तर तो क्षणात लालबुंद होतो. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे. वायर सोडवायची असेल तर आधी वजा, मग अधिक. जोडताना आधी अधिक, मग वजा. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर झाकणे घट्ट बसवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ब्रशने घासावी. सोडा कप्प्यात मात्र जाता कामा नये. जोडणी कोरडी आणि घट्ट झाली की वर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा.

पाणी घालावे ते डिस्टिल्डच. नळाचे नको, फिल्टरचेही नको, त्यातले क्षार पट्ट्या खातात. पाणी चार्जिंग झाल्यावर घालावे, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर चढते आणि आधीच काठोकाठ भरले तर आम्ल बाहेर येते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर तेवढ्या बुडतील इतके आधी घालावे. उडून जाते ते पाणी, आम्ल आतच राहते. तेव्हा कोणी कारागीर ‘ॲसिड टाकून देतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

तपासणी अवघड नाही. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. चार्जिंग थांबवून तीन-चार तास बॅटरी तशीच राहू द्यावी आणि मग मोजावे. 12.6 ते 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 च्या आसपास निम्मी, 11.9 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. हायड्रोमीटर मिळाला तर सहाही कप्प्यांचे आकडे लिहून काढावेत. एखादा कप्पा इतरांपेक्षा 50 अंकांनी खाली असेल तर दोष त्या कप्प्यात आहे. तारेने दोन्ही टोके जोडून ‘ठिणगी कशी पडते’ हे पाहणे ही तपासणी नव्हे, जिवाशी खेळ आहे. रिकामी बॅटरी तशीच पडू देऊ नये. पट्ट्यांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि मग ती पुरती भरत नाही.

आम्ल अंगावर उडाले तर लिंबू, तेल, हळद काही लावू नये. कपडे काढून वाहत्या पाण्याखाली 15-20 मिनिटे धुवावे. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ धुवावे आणि थेट दवाखाना गाठावा.

आता जुन्या बॅटरीचे. भंगारात चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती फोडून शिसे वितळवणारे असतात आणि ते काम बहुधा गरिबांच्याच वस्तीत चालते. सेनेगलमधल्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत अशाच धंद्यातून शिशाची माती घराघरांत गेली. नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या काळात तिथे 18 मुले दगावली. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात घातक प्रमाणात शिसे आहे आणि बॅटऱ्यांचे असले उघड्यावरचे काम हे त्याचे एक मोठे कारण आहे. शिशाने मुलाची बुद्धी मंदावते आणि गेलेली बुद्धी औषधाने परत येत नाही. ज्या मुलांच्या अभ्यासासाठी इन्व्हर्टर आणला, त्यांच्याच डोक्यावर हा घाला.

आपल्या देशात 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानदारालाच द्यावी, तिची किंमत बिलातून वजा करून घ्यावी आणि पावती मागावी. नेताना ती आडवी करू नये. जे बांधव बॅटरीच्या कारखान्यात किंवा भंगारात राबतात, त्यांनी कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत आणि हातपाय, केस धुतल्याशिवाय लेकराला उचलू नये.